लांबच्या कप्प्याला जवळची वाट



दसरा-दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे निम्मी रिकामी होतात. टोळ्या बांधल्या जातात, मुकादमाचा निरोप येतो, आणि धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागातली जोडपी कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर घर सांभाळायचे कोणी? म्हातारीने आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडाने.

पूर्वी घरचे सारे कागद पत्र्याच्या पेटीत असत. पेटीची किल्ली आजीजवळ. कागद लागला की पेटी उघडायची, सगळे अंथरुणावर ओतायचे आणि तासाभरात हवे ते हाती लागायचे. आता बऱ्याच घरांत ती पेटी गेली आणि कागद मुलाच्या लॅपटॉपात किंवा कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसले. सातबारा तिथे, विम्याची पावती तिथे, पासबुकाचा फोटो तिथे. सोय मोठीच झाली. परंतु फडावरून फोन आला, की "अमुक कागद आजच्या आज बँकेत दे," तर घरी असलेल्या माणसाला तो सापडेल काय? ज्याने कागद ठेवले तो पुण्याला नोकरीवर किंवा फडात उसाच्या सरीत. आणि कागद मात्र कप्प्याच्या आत कप्पा, त्याच्या आत कप्पा, असा सातव्या दाराआड. आज याच अडचणीवरचा एक सोपा उपाय पाहू.

कॉम्प्युटरमधल्या कप्प्याला फोल्डर म्हणतात, हे आता नव्याने सांगायला नको. आपला मुलगा व्यवस्थित असेल तर तो कागद असे लावतो: डी ड्राइव्ह, त्यात 'घर', त्यात 'शेती', त्यात गट नंबर, त्यात 'महसूल', त्यात 'सातबारा', आणि त्यात चालू वर्ष. ही मांडणी चुकीची नाही. उलट चांगली आहे. दोन भावांचे चार गट असतील आणि दहा वर्षांचे कागद असतील, तर सगळे एकाच ठिकाणी ओतून कसे चालेल? पण ठेवणाराची सोय वेगळी आणि काढणाराची सोय वेगळी. ठेवणाराला खोल कप्पे बरे पडतात. काढणाराला दारातच हात घातला की वस्तू मिळावी असे वाटते. या दोघांचा मेळ घालणारी जी युक्ती, तिला शॉर्टकट म्हणतात.

शॉर्टकट म्हणजे काय, हे समजायला कॉम्प्युटरपेक्षा आपला सातबाराच बरा. सातबाऱ्यावर आपल्या नावाशेजारी गोलात किंवा कंसात एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. जमीन कशी आली, खरेदीने, वाटणीने की वारसाने, ही सारी हकिकत सातबाऱ्यावर मावत नाही. ती गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत असते. सातबाऱ्यावर फक्त तिचा पत्ता. तो नंबर घेऊन गेलात की शेकडो पाने न चाळता नेमक्या नोंदीवर पोचता. तसेच आठ-अ चे. गावात आपले तुकडे चार ठिकाणी पसरलेले असले, तरी आठ-अ च्या एका उताऱ्यावर आपल्या खात्याचे सगळे गट एकत्र दिसतात. जमीन जागची हलली नाही. फक्त तिच्यापर्यंत जायची वाट जवळ झाली.

कॉम्प्युटरमधला शॉर्टकट अगदी हेच करतो. फोल्डर आपल्या खोल जागीच राहते. बाहेर, पडद्यावर, त्याच्या पत्त्याची एक चिठ्ठी लावलेली असते. चिठ्ठीवर दोनदा टिचकी मारली की कॉम्प्युटर स्वतःच सातही दारे उघडून आपल्याला आत नेऊन सोडतो.

ही कल्पना आजकालची नाही. कप्प्यात कप्पा आणि दूरच्या कप्प्याकडे नेणारा दुवा, या दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या मल्टिक्स नावाच्या संगणक योजनेच्या १९६५ सालच्या आराखड्यात मांडलेल्या होत्या. पुढे १९९१ मध्ये ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशमध्ये आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ मध्ये ती सामान्य माणसाच्या पडद्यावर आली. आणि कागद लवकर सापडावा हा ध्यास काही यंत्रवाल्यांचाच नव्हे. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखीना या जिल्हाधिकाऱ्यांनी कचेरीतले दफ्तर शिस्तीने लावून घेतले. ती पद्धत 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर नावाजली गेली. कचेरीला जे जमले ते घरालाही जमण्यासारखे आहे.

आता कृती. घरात विंडोजचा कॉम्प्युटर आहे असे धरून सांगतो.

पहिली रीत, पडद्यावर चिठ्ठी लावण्याची. हवे असलेले फोल्डर एकदाच शोधून काढा. ते उघडू नका, त्याच्यावर माऊसचे उजवे बटण दाबा. यादी उघडेल. विंडोज ११ असेल तर यादीच्या तळाशी 'शो मोअर ऑप्शन्स' असे लिहिलेले असते, ते आधी दाबा. मग 'सेंड टू' वर या आणि त्यातून 'डेस्कटॉप (क्रिएट शॉर्टकट)' निवडा. झाले. पडद्यावर त्या फोल्डरचे चित्र उमटेल आणि त्याच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण दिसेल. हा बाण नीट ओळखून ठेवा. बाण असेल तर ती चिठ्ठी आहे, बाण नसेल तर तो खरा कप्पा आहे. त्या चित्रावर एकदा टिचकी मारून एफ-२ हे बटण दाबले की नाव बदलता येते.

दुसरी रीत त्याहून झटपट. की-बोर्डवरचे आल्ट बटण दाबून धरायचे आणि फोल्डर माऊसने ओढत पडद्याच्या मोकळ्या जागेवर आणून सोडायचे. आल्ट आधी सोडू नका, नाहीतर चिठ्ठीऐवजी फोल्डरच जागचे हलेल किंवा त्याची नक्कल होईल.

तिसरी रीत, डाव्या हाताच्या यादीत टाचणी लावण्याची. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'पिन टू क्विक ॲक्सेस' निवडा. मग विंडोजच्या चिन्हाचे बटण आणि 'ई' एकदम दाबले की जी खिडकी उघडते, तिच्या डाव्या बाजूला ते फोल्डर कायम दिसते. पुढे नको झाले तर त्याच ठिकाणी 'अनपिन' करावे.

ज्यांना बटणांची सवय आहे त्यांच्यासाठी चौथी. पडद्यावरच्या शॉर्टकटवर उजवे बटण, मग 'प्रॉपर्टीज', आणि त्यात 'शॉर्टकट की' नावाच्या चौकटीत एखादे अक्षर दाबा. 'एस' दाबलेत तर तिथे कंट्रोल, आल्ट आणि एस असे आपोआप लिहिले जाते. 'ओके' केले की यापुढे ही तीन बटणे एकदम दाबताच तो कप्पा उघडेल.

ज्या घरात कॉम्प्युटर नाही, सारे मोबाईलवर आहे, त्यांनीही हिरमुसू नये. कागद गुगल ड्राइव्हवर ठेवले असतील, तर फोल्डरपुढचे तीन टिंब दाबून 'ॲड टू स्टार्ड' करावे. तारा लावलेले सगळे एका जागी दिसते. परंतु वाडी-तांड्यावर रेंजचा भरवसा नाही. तेव्हा रोज लागणारे चार-पाच कागद, फोल्डर नव्हे तर एकेक कागद, त्याच तीन टिंबांतून 'ऑफलाइन' ठेवून घ्यावेत. म्हणजे रेंज नसली तरी ते उघडतात.

आता चिठ्ठ्या लावायच्या कशाकशाच्या? दिसेल त्या फोल्डरची चिठ्ठी लावली तर पडदा आठवडी बाजारासारखा होईल आणि पुन्हा शोधाशोध आलीच. माझ्या मते शेतकरी घराला पाच पुरतात.

पहिली 'जमीन'. तीत सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो उतरवून घेतला की डाऊनलोडच्या ढिगात न ठेवता इथे हलवावा. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे कित्येक घरांत उर्दू किंवा मोडीतले जुने कागद आहेत. त्यांचे फोटो काढले असतील तर तेही इथेच असावेत.

दुसरी 'बँक'. पासबुकाचे पहिले पान, पीक कर्जाचे कागद, बेबाकी दाखला.

तिसरी 'विमा आणि नुकसान'. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून ती सोय उरली नाही. आता आपल्या हिश्श्याचा हप्ता पदरचा भरावा लागतो, तेव्हा पावती जपलीच पाहिजे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. तिची नोंद केल्याचा फोटोही इथे ठेवा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेचे पाणी कुठवर आले होते हे आपण डोळ्यांनी पाहिले. अशा वेळी पाण्याखालच्या पिकाचे तारखेसह काढलेले फोटो लगेच हाताशी असले, तर पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार राहतो.

चौथी 'ओळख'. घरातल्या प्रत्येकाचे आधार, रेशन कार्ड, शेतकरी ओळख क्रमांक, मुलांचे शाळेचे दाखले.

पाचवी 'ऊसतोड'. उचल किती घेतली, केव्हा घेतली, मुकादमाला किती फिटले, याच्या चिठ्ठीचा फोटो आणि ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र. हिशेबाचा वाद हंगाम संपताना निघतो आणि तोवर खिशातली चिठ्ठी घामाने विरघळलेली असते. फोटो विरघळत नाही.

नावे मराठीत आणि घरात बोलतो तशीच द्यावीत. मुलाला 'लँड रेकॉर्ड' कळते, आजीला 'जमिनीचे कागद' कळते. नाव आजीला कळणारे हवे. मात्र आतल्या खोल फोल्डरांना लांबलचक नावे देऊ नयेत. विंडोजमध्ये संपूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते. पत्ता त्याहून लांब झाला की कागद उघडताना किंवा दुसरीकडे उतरवताना अडून बसतो.

एवढी कृती झाली. आता धोक्याच्या चार गोष्टी सांगतो. या नीट वाचाव्यात, कारण इथेच गडी फसतात.

पहिली गोष्ट: शॉर्टकट म्हणजे कागद नव्हे. फेरफाराचा नंबर चिटोऱ्यावर लिहून नेला म्हणून फेरफाराची नक्कल आपल्या हाती आली असे होत नाही, तसेच हे. पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावरचे 'विमा' चे चित्र त्यात ओढले, आणि सेवा केंद्रावर गेलात. तिथे उघडायला जावे तर काहीच निघत नाही. कारण पेन ड्राइव्हमध्ये गेली ती नुसती पत्त्याची चिठ्ठी, आणि तो पत्ता आहे आपल्या घरच्या कॉम्प्युटरमधला. केंद्रावरच्या कॉम्प्युटरला तो कसा सापडावा? अर्जाचा शेवटचा दिवस असेल तर घरी परत येऊन पुन्हा तालुक्याला जाईपर्यंत खिडकी बंद. म्हणून चिठ्ठीवरून आत जावे आणि आतला खरा कागद उतरवून घ्यावा. ओळखायची खूण सोपी आहे. शॉर्टकटचे वजन एक-दोन केबीच्या आसपास असते. सातबाऱ्याची पीडीएफ किंवा पावतीचा फोटो त्याहून कितीतरी भारी असतो.

दुसरी गोष्ट: चिठ्ठी टाकून दिली तर कागद जात नाही, पण चिठ्ठीच्या दारातून आत जाऊन काही पुसले तर ते खरेच पुसले जाते. पडद्यावरचे बाणाचे चित्र काढून टाकायला भिऊ नये. आत गेल्यावर मात्र 'डिलीट' ला हात लावू नये. हे घरच्या लहान मुलांना मुद्दाम बजावून ठेवा.

तिसरी गोष्ट: खरे फोल्डर दुसरीकडे हलवले किंवा त्याचे नाव बदलले, तर चिठ्ठी चुकू शकते. कधी विंडोज स्वतः शोधून काढते, कधी हात टेकते. म्हणून एकदा घडी बसली की आतली नावे बदलू नयेत. बदललीच तर त्याच बैठकीत जुनी चिठ्ठी काढून नवी लावावी.

चौथी गोष्ट सर्वांत वाईट. पेन ड्राइव्ह दहा ठिकाणी फिरतो. झेरॉक्सच्या दुकानात, केंद्रावर, शाळेत. अशा फिरतीत एक प्रकारचा व्हायरस शिरतो. तो आपले खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट पुढे मांडतो. आपण आपला कप्पा समजून टिचकी मारतो आणि व्हायरस आपल्या कॉम्प्युटरमध्ये घुसतो. आता बाणाची खूण आठवा. पेन ड्राइव्हमध्ये आपण शॉर्टकट ठेवलेला नसताना सगळ्या फोल्डरांवर बाण दिसू लागला, तर एकावरही टिचकी मारू नका. घाबरून पेन ड्राइव्ह कोरा, म्हणजे फॉरमॅटही करू नका, कारण कागद बहुधा आतच लपलेले असतात. विंडोजमधले 'विंडोज सिक्युरिटी' उघडून पेन ड्राइव्ह तपासून घ्या. मग फाइलच्या खिडकीत 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर खूण करा. तरी कागद दिसले नाहीत तर जाणत्या माणसाला दाखवा.

त्यातच आणखी एक जोडून सांगतो. शॉर्टकट म्हणजे दुसरी प्रत नव्हे. पडद्यावर पाच चिठ्ठ्या आहेत म्हणून कागद पाच जागी आहेत असे समजू नये. कॉम्प्युटर पाण्यात भिजला की चिठ्ठी आणि कागद दोन्ही गेले. म्हणून त्या पाच फोल्डरांची खरी नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणि शक्यतो ड्राइव्हवरही असू द्यावी. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधारसारखे कागद उघडले असतील, तर उठण्यापूर्वी ते तिथून पुसावेत.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा बोलबाला! तर एक उदाहरण देतो. शेती करताना अपघात झाला, वीज पडली, सर्पदंश झाला, रस्त्यात गाडीने उडवले, तर शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. ही २०२३ मध्ये सुरू झाली. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण तालुका कृषी अधिकाऱ्याकडे प्रस्ताव ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो, आणि त्याला सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद म्हणजे गाव नमुना ६-क, वयाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा असे कागद लागतात. तेरा दिवस सुतकातच जातात. त्यापुढे घरच्या बाईने कुठे कुठे धावायचे? दाखला आणि पंचनामा तिला कचेऱ्यांतून मिळवावेच लागतील. परंतु जे कागद घरातच आहेत ते कुठल्या कप्प्यात आहेत हे तिला ठाऊक नसावे, यासारखी दुसरी हळहळ नाही. कर्ता माणूस असताना तो म्हणतो, "मला माहीत आहे ना कुठे आहे ते." तो नसताना ते माहीत असणे कोणाच्या कामाचे?

तेव्हा कॉम्प्युटर ज्याने लावला त्याने चिठ्ठ्या लावून मोकळे होऊ नये. ज्याने त्या वापरायच्या त्याला समोर बसवावे. घरच्या लक्ष्मीला, म्हाताऱ्या आईला, आठवीतल्या मुलीला. आपण माऊसला हात लावायचा नाही, फक्त म्हणायचे, "ताई, विम्याची पावती काढून दाखव." तिने ती काढून मोबाईलवर पाठवली की काम झाले. अडली तर नाव बदला, चिठ्ठी हलवा, पुन्हा बसवा. कॉम्प्युटरला पासवर्ड असेल तर तोही घरातल्या एका भरवशाच्या माणसाला ठाऊक असावा, नाहीतर आतल्या दारांना चिठ्ठ्या आणि बाहेरच्या दाराला कुलूप अशी गत व्हायची.

पाच चिठ्ठ्या लावायला अर्धा तास पुरतो. घरच्यांकडून त्या उघडून घ्यायला आणखी अर्धा तास. टोळी निघण्याआधी, घरात सगळे असताना, एखाद्या संध्याकाळी हे उरकून टाका.